कळ एक, अर्थ दोन : वेबवरील कीबोर्ड शॉर्टकटांचा इतिहास

१/ वेब ॲप्लिकेशन उभारताना एक निर्णय बहुधा घाईने उरकला जातो : कीबोर्ड शॉर्टकटांसाठी जावास्क्रिप्टची कोणती लायब्ररी घ्यावी? आकार लहान आहे, वापरणारे पुष्कळ आहेत, एवढे पाहून निवड होते. परंतु तिच्यात एक जुना प्रश्न दडलेला असतो. माणूस कळ दाबतो तेव्हा तो जागा दाबतो की अक्षर? मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना या प्रश्नाच्या उत्तराची किंमत मोजावी लागते. त्या प्रश्नाचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ जागेपासून झाला. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा टेक्स्ट एडिटर लिहिला. त्यांच्यापुढे लिअर सिग्लर कंपनीचे 'एडीएम-३ए' टर्मिनल होते. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल याच कळांवर बाण छापलेले होते. म्हणून 'जे' म्हणजे खाली आणि 'के' म्हणजे वर, असा संकेत रूढ झाला. त्या अक्षरांना स्वतःचा असा काही अर्थ नव्हता.

३/ दुसरी परंपरा झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातली. तेथे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास 'जिप्सी' या एडिटरमध्ये कट, कॉपी, पेस्ट या क्रिया आणल्या. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८४ च्या मॅकिंटॉशवर झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा या कामी स्थिरावल्या. 'सी' हे कॉपीचे आद्याक्षर, हा झाला अक्षराचा तर्क. चारही कळा तळाच्या ओळीत एकमेकींना लागून, डाव्या हाताच्या आवाक्यात, हा जागेचा तर्क. अमेरिकी कीबोर्डवर दोन्ही तर्क सुखाने एकत्र नांदले. त्यामुळे त्यांतला भेद फारसा जाणवला नाही.

४/ तो जाणवला सीमेपलीकडे. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांची अदलाबदल झालेली असते. फ्रेंच कीबोर्डवर अमेरिकी 'डब्ल्यू'च्या जागी झेड असतो. तेथे अक्षर पाळावे तर जागा सुटते आणि जागा पाळावी तर अक्षर सुटते.

५/ १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने 'ॲक्सेसकी' हा गुणधर्म दिला : दुव्याला एक अक्षर जोडा, वाचक ते दाबील. कल्पना चांगली, पण त्या अक्षरासोबत कोणती कळ दाबायची हे प्रत्येक ब्राउझरने आपापले ठरवले. कोठे ऑल्ट, कोठे ऑल्ट आणि शिफ्ट, मॅकवर कंट्रोल आणि ऑप्शन. शिवाय ब्राउझरच्या मेनूंशी आणि स्क्रीन रीडरच्या आज्ञांशी टक्कर होतीच. ही सोय मागे पडली.

६/ एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले. दिवसभर उघडे राहणारे पान ही गोष्ट त्यानंतर सर्वसामान्य झाली आणि जे-के पुन्हा अवतरले : 'जे' दाबा, पुढचे जुने पत्र, 'के' दाबा, नवे. एका जुन्या टर्मिनलवरील बाण अशा रीतीने कोट्यवधी लोकांच्या टपालपेटीत येऊन बसले.

७/ मात्र पडद्यामागे अनागोंदी होती. दाबलेली कळ ब्राउझर 'कीकोड' नावाच्या आकड्याने कळवी आणि आकड्यांवर एकमत नव्हते. अर्धविरामाची कळ क्रोममध्ये १८६, फायरफॉक्समध्ये ५९. मॅकची कमांड कळ सफारीत ९१, फायरफॉक्समध्ये २२४. प्रत्येक प्रोग्रामरला या आकड्यांचा तक्ता स्वतः सांभाळावा लागे.

८/ लायब्ऱ्यांचा जन्म या तक्त्यातून झाला. जॉन रेझिग यांचे जेक्वेरीवरील 'हॉटकीज', थॉमस फुक्स यांचे 'कीमास्टर' आणि २०१२ मध्ये क्रेग कॅम्पबेल यांचे 'माऊसट्रॅप'. माऊसट्रॅप दोनएक किलोबाइटांचे; पण त्यात 'आधी जी, मग आय' अशी क्रमिका लिहिता येई, 'मॉड' म्हटले की मॅकवर कमांड आणि अन्यत्र कंट्रोल असा अर्थ लागे, आणि मजकुराच्या चौकटीत टंकन चालू असता शॉर्टकट आपोआप गप्प बसत. लोकप्रियता रास्तच होती.

९/ पुढे प्रमाणकाने 'कीकोड' कालबाह्य ठरवून दोन गुणधर्म दिले. 'की' उमटलेले अक्षर सांगते. 'कोड' कळेची जागा सांगतो. जागेचे नाव मात्र अमेरिकी कीबोर्डवरून घेतलेले. २०१६ मध्ये क्रोमच्या ५१ व्या आवृत्तीत 'की' आले आणि तक्त्यांची गरज ओसरली. जुना प्रश्न मात्र आता उघडपणे समोर उभा राहिला : जागा, की अक्षर?

१०/ येथे मराठीचा संबंध येतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड आराखडा, भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट. त्यात जे-च्या जागी 'र' आहे आणि के-च्या जागी 'क'. इन्स्क्रिप्ट चालू असताना ती पहिली कळ दाबली, तर 'कोड' म्हणतो जे-ची जागा, 'की' म्हणते 'र'. लायब्ररी केवळ 'की' पाहत असेल तर काहीच घडत नाही. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. गंमत अशी, की जुना बदनाम 'कीकोड' अशा वेळी बहुधा जे-चाच ७४ हा आकडा देतो. म्हणजे सुधारणेच्या ओघात देवनागरीत लिहिणारा माणूस मागे राहू शकतो.

११/ मग सर्वत्र 'कोड' वापरावा काय? तसे केले तर जर्मन माणूस वाय दाबील आणि त्याचे लिखाण पूर्ववत होईल. वर-खाली जाण्यासारख्या आज्ञांना जागा योग्य. आद्याक्षरावरून ठरलेल्या आज्ञांना आधी अक्षर पाहावे आणि लिपी रोमन नसेल तर जागेचा आधार घ्यावा. २०२० मधील जेमी काइल यांची 'टायनीकीज' ही छोटी लायब्ररी दोन्ही गुणधर्मांशी तुलना करू देते. मदतीसाठी प्रश्नचिन्ह ठेवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर 'य' आहे.

१२/ रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांची अडचण निराळी. शब्द घडत असताना, पर्याय निवडण्यासाठी दाबलेले एंटर म्हणजे 'पाठवा' अशी आज्ञा नव्हे. शब्द अजून घडतो आहे, हे ब्राउझर 'इझकम्पोझिंग' या खुणेने सांगतो. ती खूण लायब्ररी पाहते काय, हे तपासावे. अन्यथा अर्धे वाक्यच रवाना होते.

१३/ आणि ज्यांचे हात कीबोर्डवर नसतात त्यांचे काय? बोलून संगणक चालवणाऱ्याचा शब्द पानाला एकेका अक्षराने पोहोचला, तर एका वाक्यात दहा आज्ञा सुटू शकतात. म्हणून ५ जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या मार्गदर्शिकेत २.१.४ हा निकष आला : एकाक्षरी शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत, किंवा विशिष्ट घटकावर लक्ष असतानाच चालावेत. स्क्रीन रीडरची एकाक्षरी कळांवर आधीच मालकी आहे. एनव्हीडीएमध्ये 'एच' म्हणजे पुढचे शीर्षक, 'के' म्हणजे पुढचा दुवा. गिटहबने एकाक्षरी शॉर्टकट बंद करण्याची सोय ठेवली आहे, ती उगीच नव्हे.

१४/ तेव्हा निवडीच्या वेळी आकाराआधी चार गोष्टी विचाराव्यात. लायब्ररी जागा आणि अक्षर दोन्ही ओळखते काय? शब्द घडत असताना थांबते काय? शॉर्टकट चालू असताना काढून टाकता वा बदलता येतात काय? तिची निगा आज कोणी राखते काय? माऊसट्रॅपची १.६.५ ही आवृत्ती २०२० मधली आहे. तीन-चारच शॉर्टकट हवे असतील तर लायब्ररीवाचून, वीसएक ओळींतही काम भागते. आणि कंट्रोलसह डब्ल्यू, टी, एन या जोड्या क्रोम सामान्य टॅबमध्ये स्वतःकडेच राखतो; त्या मागू नयेत.

१५/ सर्वांत स्वस्त परीक्षा मात्र कोणत्याही लायब्ररीच्या माहितीपत्रकात नाही. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर ठेवा, आपले ॲप उघडा आणि जे-ची कळ दाबा. यादी खाली सरकली तर ठीक. पान स्तब्ध राहिले, तर आपल्या कोणत्या वापरकर्त्यांचा विचार राहून गेला, ते तिथेच समजेल.

(समाप्त)