मोहाची पेंड ते आघाड्याचं बी

गावतळं ठेक्यानं घेतलं त्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात आमच्या गटाच्या रोहूंच्या अंगावर लाल चट्टे दिसले. ठेक्याचे पैसे बचतीतून भरलेले, त्यामुळे सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. तेवढ्यात एक जण पुड्या घेऊन आला. "झाडपाल्याचं औषध आहे ताई, कितीही घाला, अपाय नाही." तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अरे, मोहसुद्धा झाडच ना?"

आजींच्या त्या एका प्रश्नात मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

झाडपाला आणि मासा यांची जुनी ओळख औषधाची नव्हे, विषाची आहे. जंगलालगतच्या गावांत उन्हाळ्यात डोह आटले की गेळफळ कुटून पाण्यात टाकत. मासे गुंगून वर येत. मोहाचं तेल काढल्यावर उरणारी पेंडही माशांना मारते. रिठ्याला ज्यामुळे फेस येतो तसाच अंश तिच्यात असतो आणि तो माशाच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. पुढे मत्स्यशेतीच्या शास्त्रानं हीच पेंड कामाला लावली. मरळ, शिवडा असे खादाड मासे आपलं बीज फस्त करतात. ते काढायला बीज सोडण्याआधी तळ्यात हेक्टरी 2500 किलो मोहाची पेंड घालतात. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि पेंडीचं खत होतं.

आता बीजाची गोष्ट. पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावं लागे. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांना मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यावरच अंडी घालायला लावली. बीज हाताशी आलं तशी तळ्यात माशांची गर्दी वाढली. कोंडा आणि पेंड भरपूर पडू लागली, उरलेलं खाद्य तळाशी कुजू लागलं. दाटीवाटीच्या घरात आजार पसरतो, तसंच तळ्यात झालं.

1988 साली बांगलादेशाकडून ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये माशांच्या अंगावर जखमा पडण्याची साथ आली. लोक मासे विकत घ्यायला घाबरू लागले आणि कोळ्यांची चूल थंडावली. माणसाला त्या रोगाची लागण होत नव्हती, पण भीतीला कोण समजावणार? तेव्हा तळ्यात चुना आणि हळद टाकण्याचा उपाय गावोगाव पोचला.

काही ठिकाणी खाद्यात प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक, मिसळू लागले. त्याचीही किंमत मोजावी लागली. 2002 च्या सुमारास आशियातून गेलेल्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधांचे अंश युरोपात सापडले, माल अडला. शिवाय जंतूंना औषधाची सवय झाली की तेच औषध माणसालाही लागू पडेनासं होतं.

मग शास्त्रज्ञांची नजर पुन्हा झाडपाल्याकडे वळली. लसूण, हळद, कडुनिंब, तुळस यांच्यावर प्रयोग झाले. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005-06 च्या सुमारास कटला आणि रोहूंना आघाड्याच्या बिया खाद्यातून दिल्या. ऋषिपंचमीला आपण ज्याच्या काडीनं दात घासतो, तोच हा आघाडा! त्या माशांची रोगाशी झुंजायची ताकद वाढलेली दिसली. पण प्रमाण किती? शंभर किलो खाद्याला अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी.

आणि गंमत ऐका. मोहाच्या पेंडीत असतो तसा फेसाचा अंश आघाड्याच्या बियांतही असतो. मग एक मारतं आणि दुसरं तारतं, ते कशामुळे? वनस्पती वेगळी, देण्याची रीत वेगळी आणि सगळ्यात मोठा फरक मापाचा. म्हणून "कितीही घाला" म्हणणाऱ्याला औषध कळलेलं नसतं.

आम्ही ती पुडी परत केली. आजारी मासे घेऊन मत्स्य कार्यालयात गेलो. सल्ल्याप्रमाणे पाणी तपासलं, चुना टाकला, खाद्य कमी केलं, मोठे मासे विकून दाटी मोडली. काही मासे गेले, पण बरेच वाचले आणि ठेक्याचे पैसे निघाले.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी पाणी बघा, मग गर्दी बघा आणि औषध शेवटी, तेही मोजून. पुडीवाला दारात आला, तर आमच्या आजींचा प्रश्न त्याला जरूर विचारा.