कधीच न निघालेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत

आजच्या भागात एका मराठी भयपटाबद्दल बोलायचं आहे. नाव 'उद्या ये', साल १९९१. तो तुम्ही पाहिलेला नाही, मीही पाहिलेला नाही, कारण तो कधी निघालाच नाही. त्याचं पार्श्वसंगीत मात्र आहे. सतरा मिनिटांचं. ते मी आनेकलमधल्या भाड्याच्या खोलीत बसून केलं. ते करताना आपल्या जुन्या भयपटांच्या आवाजाचा इतिहास मला चाचपडत शिकावा लागला, तो आज सांगतो. आणि त्यातून एक घोळ झाला, तोही सांगतो.

आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेचं तालुक्याचं गाव. तामिळनाडूची हद्द अगदी जवळ. इलेक्ट्रॉनिक सिटी याच तालुक्यात, त्यामुळे माझ्यासारखी नोकरदार मराठी माणसं इकडे बरीच. पण गावाच्या आतल्या गल्ल्यांत गेलात तर अजून रेशमी साड्यांच्या यंत्रमागांची खटखट ऐकू येते. रात्री ती थांबली की जी शांतता पडते, तिच्यातूनच हा सिनेमा सुचला.

बंगळूर आणि आसपासच्या भागात नव्वदच्या दशकात एक अफवा पसरली होती. रात्री एक चेटकीण दारोदार हिंडते, कडी वाजवते आणि तुमच्याच माणसाच्या आवाजात तुम्हाला हाक मारते. दार उघडलं की संपलं. त्यावर उपाय एकच, दारावर लिहायचं: 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. ती वाचते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते, पुन्हा जाते. २०१८ साली आलेला 'स्त्री' हा हिंदी सिनेमा याच कल्पनेवर उभा आहे, फक्त गाव चंदेरी. तिकडे ती विनोदाच्या वाटेने गेली. मला त्यातली वेगळी गोष्ट लागली: हे भूत दिसत नाही. त्याला रूप नाही, पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. ते नुसता आवाज आहे. अशा भुताचा सिनेमा डोळे मिटूनसुद्धा पाहता यावा.

मी कथा अशी धरली: निपाणीकडचं एक मराठी कुटुंब आनेकलला राहायला येतं. गल्लीतल्या सगळ्या दारांवर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहिलेलं. यांना कन्नड लिहिता येत नाही, म्हणून हे देवनागरीत 'उद्या ये' लिहितात. आता प्रश्न हा की तिला देवनागरी वाचता येते का. बास, एवढीच गोष्ट. (सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न विनोदी वाटणार नाही.)

पहिली चूक मी सालात केली. मला १९७८ हवं होतं, कारण त्या काळातली व्हायोलिनं मला आवडतात. दोन आठवडे त्यात घातले, आणि मग ध्यानात आलं की अफवाच मुळी नव्वदच्या दशकातली. जो सिनेमा नाहीच त्याला तारखेचं बंधन कशाला, असं मित्र म्हणाला. पण खोट्या वस्तूलाच तारीख पाळावी लागते. खरी वस्तू कशीही वागली तरी तिला कुणी विचारत नाही. मग साल १९९१ केलं, व्हायोलिनं गेली. त्या काळच्या बेताच्या पैशांच्या मराठी सिनेमाला चार-सहा वादक आणि एक कीबोर्ड परवडला असता, असा माझा अंदाज. यामाहाचा डीएक्स-सेव्हन १९८३ साली बाजारात आला होता. त्याची ती थंड, काचेसारखी घंटा त्या काळाला शोभते.

आता आवाजाचं बघू. हाक दुरून यायला हवी. मी बायकोला 'अगं, दार उघड' एवढंच माइकसमोर म्हणायला लावलं आणि संगणकावर घुमारा चढवला. ऐकलं तर न्हाणीघरातून बोलल्यासारखं. इथे मला 'महल' आठवला. १९४९ साल, बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोही यांचं पहिलं दिग्दर्शन, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं ते प्रसिद्ध गाणं भुताटकीच्या हवेलीत दुरून ऐकू येतं आणि जवळ येत जातं. हे यंत्रावर करण्याची तेव्हा सोयच नव्हती. म्हणून माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि वीस वर्षांच्या लता मंगेशकरांनी कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत यायचं, असं ठरलं. योग्य शब्दाला योग्य जागी पोहोचायला हवं, म्हणून ते पुन्हा पुन्हा करावं लागलं. हा किस्सा लताबाईंनी स्वतःच सांगितलेला आहे. पुढची गंमत तर मला त्याहून मोठी वाटते: रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोक रेडिओला विचारत राहिले की ही गाते कोण. म्हणजे आपल्या सिनेमातल्या त्या पहिल्या गाजलेल्या झपाटलेल्या आवाजाची मालकीण कागदोपत्री अस्तित्वात नसलेली बाई होती. खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी, १९५० साली गेले.

मग बायकोला जिन्यात उभी केली. तिसऱ्या मजल्यावरून ती बोलत बोलत खाली आली, माइक आमच्या दाराच्या आत. अकराव्या खेपेला जमलं. आठव्या खेपेला खालच्या अज्जींनी खरंच दार उघडलं होतं.

घुमाऱ्याचा प्रश्न सुटला, लांबीचा उरला. जुन्या पद्धतीत पार्श्वसंगीत पडद्यावर चित्र चालवून, रिळागणिक वाजवलं जाई. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींनी धावते, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटांचं. चित्र नसेल तर संगीत पसरतं, कुठे थांबायचं ते कळत नाही. म्हणून मी आधी नसलेल्या सिनेमाचा तक्ता लिहिला: रीळ ४, २१० फुटांवर कडी वाजते, २५५ फुटांवर आई अंथरुणात उठून बसते. मधले पंचेचाळीस फूट म्हणजे बरोबर अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात काय वाजवायचं, याचा विचार करताना मला पडद्यामागच्या त्या माणसांची आठवण येत राहिली. मुंबईच्या स्टुडिओंत स्वरलिपी लिहून देणारे, वादकांचे ताफे जमवणारे कितीतरी जण गोव्याचे होते: सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गाण्याखाली संगीतकाराचं नाव यायचं, पंचेचाळीस फुटांखाली कुणाचंच नाही.

आवाज खोटा असला तरी बिघडत नाही, हे तर आपला सिनेमा केव्हाच शिकला होता. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. आज गारुडीही तीच धून वाजवतो.

नसलेल्या सिनेमाला संगीत देणारा मी पहिला नाही. इंग्लंडच्या बॅरी अ‍ॅडमसनने १९८९ साली असा एक अख्खा अल्बम केला. २०१२ च्या 'बर्बेरियन साउंड स्टुडिओ'मध्ये एक इटालियन भयपट सतत ऐकू येतो, तो आपल्याला दाखवलाच जात नाही. आणि 'हॅलोवीन'चं संगीत स्वतः करणाऱ्या जॉन कार्पेंटरने २०१५ साली कुठल्याच सिनेमासाठी नसलेल्या धुनांचा अल्बम काढला. पण त्यांच्यामागे भयपटांची मोठी रांग आहे. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींची पुस्तकं वाचनालयात फाटेस्तोवर वाचली गेली, आणि मराठी भयपट मात्र बोटांवर मोजण्याइतके. १९७६ चा वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' आपण अजून धरून बसलोय, तोही मुख्यतः हृदयनाथ मंगेशकरांच्या गाण्यांमुळे. रामसे बंधू चित्रीकरणाला महाबळेश्वरला यायचे, पण हिंदीत. शेजारी कन्नडमध्ये १९७९ साली 'ना निन्न बिडलारे' आला, राजन-नागेंद्र यांच्या संगीताचा. धारपांच्या गोष्टीची आठवण मनात ठेवून केलेला 'तुंबाड' आला तेव्हा २०१८ उजाडलं होतं. तोही हिंदीत, आणि पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किडचं. चांगलंच आहे ते. पण मला हेवा वाटला, तो का हे मला ठाऊक आहे.

शेवटचा संस्कार म्हणून मी सगळं एकपदरी केलं आणि आठ हजार हर्ट्झच्या वरचा बहुतेक आवाज छाटून टाकला, कारण फिल्मच्या कडेवरच्या ध्वनिपट्टीवर त्याच्या पलीकडचं फारसं टिकत नसे. आणि मग घोळ झाला. निपाणीच्या माझ्या मावशीला मी ते फोनवर ऐकवलं. थट्टेने म्हणालो, "जुना सिनेमा आहे गं, 'उद्या ये' म्हणून." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हा मी पाहिलाय. जत्रेतल्या तंबूत. दारावर खडूनं लिहितात तो." खडूचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिने मला पुढची गोष्टही सांगितली, सासू मरते ती. माझ्या कथेत सासूच नाही.

दोन दिवस मी तसाच राहिलो. इतिहासावर बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या मावशीच्या आठवणीत एक सिनेमा घुसवून ठेवावा, हे काही बरं नव्हे. फोन करून खरं सांगितलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "मग मी पाहिला तो कुठला?" मी 'स्त्री'बद्दल विचारलं, टीव्हीवर पाहिला असशील. नाही म्हणाली. मग मी तिला दुसरा तुकडा ऐकवला, जास्तीचे सूर न छाटलेला, स्वच्छ. "हा नव्हे," ती लगेच म्हणाली. पुन्हा पहिला लावला. "हां, हा."

दोन्हींत बायकोचा आवाज तोच, धून तीच. फरक फक्त त्या छाटलेल्या आठ हजारांच्या वरच्या पट्टीचा. मावशीला ओळखू आला होता तो तंबूतला भोंगा. त्यावर कुठला सिनेमा चालू होता ते आम्ही अजून शोधतोय. सासू मरते आणि दारावर खडूने लिहितात असा कुणाला आठवत असेल, तर मावशीचं म्हणणं आहे की रंगीत होता, आणि मध्यंतरात पाऊस आला होता.