गस्तीची वही आणि राहिलेली एक नोंद

संपादक मंडळाने मला सोसायटीच्या सुरक्षेबद्दल चार शब्द लिहायला सांगितले. कारण साधं आहे. रात्रीच्या गस्तीची वही अजून माझ्याच कपाटात आहे. आयुष्यभर बँकेत काढल्यावर जुने रजिस्टर रद्दीत घालायला हात धजत नाही. बऱ्याच तरुण सभासदांना तर अशी वही होती हेही माहीत नसेल.

रात्रीची राखण आपल्या भागाला नवी नाही. पूर्वी गावगाड्यात वेसकर आणि जागल्या असत. वेशीचं दार सांभाळणं, रात्री फिरणं, परका माणूस आला तर पाटलाला वर्दी देणं आणि चोरी झाली तर माग काढणं ही त्यांची कामं. दख्खनेत रिवाज असा होता, की चोराचा माग ज्या गावच्या शिवेत जाईल, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. म्हणजे चोरी एका घरात झाली तरी जबाबदारी साऱ्या गावाची असे. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटलाचं काम ठरवून दिलं. महाराष्ट्र पोलीस कायद्यातही ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. लहानपणी आमच्या गावात काठ्या-कंदील घेऊन फिरणारी माणसं मी पाहिलेली आहेत. तिकडे इंग्लंडमध्ये १९८२ साली चेशायर परगण्यातल्या मॉलिंग्टन गावाने शेजाऱ्यांची राखण सुरू केली, तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं. आपल्याकडे ते कित्येक पिढ्या चालत आलं होतं.

शहरात राहायला आल्यावर मात्र आपण ते विसरलो. सोसायटी नवी होती तेव्हा चारी बाजूंनी शेतं होती. रस्त्यावर दिवे नव्हते, कंपाउंड अर्धंच झालं होतं. सभासद बहुतेक नोकरदार. दिवाळीत आणि मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी जाणारे. चोराला एवढं पुरतं. एकाच उन्हाळ्यात आपल्याकडची तीन कुलपं तुटली. कडी-कोयंडा उचकटून आत शिरायचं, कपाट फोडायचं आणि पहाटेच्या आत पसार. एका काकूंच्या मुलीच्या लग्नासाठी जमवलेले दागिने गेले. त्या काकू दारात बसून रडत होत्या, ते मी विसरलेलो नाही. त्यात भारनियमन. दिवे केव्हा जातील याचा नेम नसायचा.

मग २००९ च्या मार्चमध्ये गच्चीवर बैठक झाली आणि गस्त ठरली. चार-चार जणांची तुकडी, रात्री अकरा ते पहाटे चार, हातात बॅटरी, काठी आणि शिट्टी. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक रात्र. वहीत वेळ, नावं आणि काय पाहिलं ते लिहायचं. मी त्या वेळी बँकेत अधिकारी होतो, म्हणून वही माझ्याकडे आली. पुढच्या दोन वर्षांत आपल्याकडे एकही घरफोडी झाली नाही. त्याचं श्रेय गस्तीला आहेच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा फायदा वेगळा झाला. समोरच्या घरातल्या माणसाचं नाव माहीत नसणारे आम्ही रात्री दोनला एका स्टोव्हभोवती चहा पिऊ लागलो.

आता ती नोंद.

एप्रिलमधली रात्र होती. दोनच्या सुमाराला मागच्या कंपाउंडजवळ एक माणूस दिसला. खांद्यावर गोणी, हातात काहीतरी. शिट्टी वाजली, आम्ही घेरलं. गोणी उघडली तर त्यात भांडी, कपडे आणि कोयता. कोयता पाहिला आणि आमच्यातल्या एकाने त्याला मारलं. मग दुसऱ्यानेही मारलं. मी मारलं नाही. पण बॅटरी माझ्या हातात होती, तिचा झोत मी त्याच्या तोंडावर धरून उभा राहिलो. "थांबा" एवढा एक शब्दसुद्धा मी बोललो नाही.

तो सारखं म्हणत होता, "सायेब, चोर न्हाई मी. कारखान्यावरून आलोय. पाणी पायजे हुतं."

आपला वॉचमन धावत आला. त्यानेच थोडं अंतर जाऊन पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला त्याची बायको गाठोड्यांवर बसलेली, मांडीवर झोपलेलं लेकरू. हंगाम संपवून येणाऱ्या गाडीने त्यांना तिथे सोडलं होतं. सकाळच्या एसटीची वाट बघत होते. बीड जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगायला लागावं? दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून किती गावं रिकामी होतात आणि उन्हाळ्यात परत येतात, हे आम्ही रोज बघतो. नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. कोयता हे त्याचं शस्त्र नव्हतं, ते त्याचं पोट होतं.

आम्ही पाणी दिलं, चहा दिला. आमच्या हिने पोळ्या बांधून दिल्या. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हातात रिकामा कॅन घेऊन कोण चोरी करायला येतं हो?" कॅन आम्हा चौघांपैकी कुणालाच दिसला नव्हता.

त्या रात्री मी वहीत लिहिलं : "रात्री २ वा. एक संशयित, चौकशी करून सोडला."

पुढच्या बैठकीत मी नियम मांडले आणि ते मंजूर झाले. काठी उगारायची नाही. आधी विचारायचं, पाणी द्यायचं. शंका वाटली तर पोलिसांना फोन करायचा आणि लांबून नजर ठेवायची. कायदाही हेच सांगतो. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण विनाविलंब पोलिसांच्या हवाली करायचं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात त्यासाठी सहा तासांची मर्यादा आहे. मारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

हे मी आज का उगाळतो आहे? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर समजून मारले गेले. दोन्ही बातम्या वाचताना मला माझ्या हातातली बॅटरी आठवली. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे रात्री ड्रोन फिरतात आणि चोर टेहळणी करतात अशी हवा उठली. गावोगावी माणसं काठ्या घेऊन जागली. आपल्या ग्रुपवरही नको ते मेसेज फिरले. तेव्हा दोन तरुण सभासदांनी "काका, आधी खात्री करू" म्हणून सगळ्यांना शांत केलं. मला फार बरं वाटलं.

आता कॅमेरे आहेत, गेटवर रजिस्टर आहे, एकशे बारा नंबर आहे. गस्त केव्हाच बंद पडली. तरी गावी जाताना शेजाऱ्याला सांगून जा, दागिने लॉकरमध्ये ठेवा आणि कुणाच्या घरी रात्री दिवा लागला नाही तर विचारपूस करा. कॅमेरा चोर दाखवतो, शेजारी चोरी टाळतो.

बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर रेघ मारून बरोबर नोंद लिहायची आणि सही करायची. मी काल वही काढून तेच केलं. आता तिथे असं आहे : "रात्री २ वा. एक ऊसतोड कामगार पाणी मागायला आला. आम्ही त्याला मारलं. चूक आमची." खाली माझी सही आहे. वही आता सोसायटीच्या कार्यालयात ठेवतो आहे. ज्याला पाहायची असेल त्याने पाहावी.