विहारयात्रा की धम्मयात्रा? कोकणच्या किनाऱ्यावर आपण काय पाहायचे

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतो, पुस्तकांच्या स्टॉलवर थोडा वेळ घालवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. मागच्या वेळी परतीच्या गर्दीत आम्ही काही तरुणांना एकच प्रश्न विचारला. महाडच्या अलीकडे मुंबई-गोवा रस्त्यावरून डोंगरात लेणी दिसतात, ती तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली? दहा-बारा जणांत एकाने हात वर केला. तोही म्हणाला, "ती पांडवलेणी ना? खालून पाहिली आहेत."

हा लेख त्या उत्तरामुळे लिहितो आहोत. दोष त्या पोराचा नाही. त्याला शाळेत, एसटी स्टँडवर, पर्यटनाच्या फलकावर जे सांगितले गेले, तेच त्याने सांगितले. पण ज्या चळवळीने त्याला तळ्यापर्यंत आणले, तिने त्याला दोन-तीन किलोमीटर पुढे का नेले नाही? हा दोष आपला आहे.

ती लेणी पांडवांची नाहीत. गांधारपाले गावाजवळ, सावित्री आणि गांधारी नद्यांच्या परिसरात, सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा हा समूह आहे. तिथला ब्राह्मी लेख सांगतो की कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि भिक्खूंसाठी खोल्या दान दिल्या. करणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले असताना लोकांच्या तोंडी पांडव कसे आले? सह्याद्रीत हे जागोजागी झाले आहे. जिथे भिक्खू राहिले, तिथे पांडव एका रात्रीत लेणी कोरून गेले. इतिहास पुसायला हातोडा लागतोच असे नाही. नाव बदलले तरी पुरते.

आता प्रश्न येतो, इतकी लेणी इथेच का? कारण महाड हे बंदर होते. सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत. तिथून माल घाट चढून देशावर जाई. कोकणचा नकाशा समोर ठेवा. सोपारा, कल्याण, चौल, राजपुरीची खाडी, महाड, दाभोळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या पुस्तकात यांतल्या सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावे आहेत. आणि बंदर, खाडी किंवा घाटवाट जिथे, तिथे जवळच्या डोंगरात विहार. व्यापारी, कारागीर आणि संघ यांचे ते नाते होते. वाटसरूला निवारा आणि पाणी, भिक्खूला दान, आणि दात्याचे नाव दगडावर.

हे नाते वाचायचे असेल तर कुडा लेणी पाहा. रायगड जिल्ह्यात तळ्याजवळ, राजपुरीच्या खाडीकाठच्या डोंगरात २६ लेणी आहेत. मुरूडचा जंजिरा पाहायला हजारो लोक येतात, त्याच खाडीच्या आतल्या बाजूला ही लेणी आहेत. आम्ही गेलो तेव्हा सबंध सकाळ दुसरे कोणी आले नाही. तिथल्या लेखांतली माणसे कोण आहेत? एक लेखक शिवभूती आणि त्याची पत्नी नंदा. एक माळी. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. भिक्खुणी नागनिकेची मुलगी पदुमनिका, जी स्वतःही भिक्खुणी होती. आणि ब्राह्मण उपासक अयितिलु याची पत्नी भयिला, जिने चैत्यगृह दिले.

ही यादी पुन्हा वाचा. माळी, लोखंड विकणारा, बाया, भिक्खुणी आणि ब्राह्मणाची बायको एकाच डोंगरात, एकाच प्रकारच्या अक्षरांत. त्या काळी विषमता नव्हती असे आम्ही म्हणत नाही. लेणी कोरायला पैसा लागतो आणि पैसा सगळ्यांकडे नव्हता. पण बाईला स्वतःच्या नावाने दान देता येत होते आणि माळ्याचे नाव दगडावर येत होते. हे लेख प्राकृतात आहेत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा फटाके वाजले. ज्या लेण्यांनी त्या भाषेची जुनी अक्षरे दोन हजार वर्षे सांभाळली, तिथल्या लेखांचा मराठी अर्थ सांगणारा फलक आम्हाला दिसला नाही.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला सोपारा, म्हणजे आजचा नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथले 'बुरूड राजाचा कोट' नावाचे टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, त्यांत भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, सोन्याची फुले, सातवाहन राजाचे चांदीचे नाणे आणि बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. पेटी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपाऱ्याचा अशोकलेख पाहायचा तर आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागते.

आठव्या लेखात काय आहे? अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा करायला. त्याने ते सोडले. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, बोधगयेला गेला आणि त्याची धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना मदत करणे, गावोगावच्या लोकांना भेटून धम्माबद्दल बोलणे आणि विचारणे. प्रवास कशासाठी करायचा, हे सांगणारा लेख कोकणातल्या बंदरावर लावलेला होता, आणि त्याच कोकणात आज पर्यटन म्हणजे बीच, मासे आणि सेल्फी. याला योगायोग म्हणा, पण आपल्याला पुरेसा धडा आहे.

आता या किनाऱ्याचे दुसरे पान. ज्या महाडच्या डोंगरात पाण्याची टाकी खोदून पाणी साठवले, त्याच महाडात पुढे माणसाला तळ्याचे पाणी नाकारले गेले. ज्या कोकणी बंदरांवर माळ्याला आणि भिक्खुणीला नाव होते, त्याच किनाऱ्यावरच्या दाभोळ बंदरात रमाईचे वडील भिकू धुत्रे माशांच्या टोपल्या वाहत होते. वणंदहून दाभोळला जाऊन दिवसभर ओझी वाहायची, हे त्यांचे आयुष्य. दाभोळची जुनी मशीद आणि खाडी पाहायला लोक येतात. त्या धक्क्यावर कोणाच्या डोक्यावर टोपली होती, हे कोणी विचारत नाही.

या दोन पानांच्या मध्ये काय घडले? बाबासाहेबांनी याचे उत्तर 'क्रांती आणि प्रतिक्रांती' या मांडणीत शोधले. भारताचा इतिहास हा बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी व्यवस्था यांच्यातल्या संघर्षाचा इतिहास आहे, असे ते म्हणतात. कोकणचा किनारा त्या मांडणीचा उघड्यावर पडलेला पुरावा आहे. वाचायला मात्र पायी जावे लागते.

आणि प्रतिकारही याच पाण्यावरून आला. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. तिथून त्यांनी अस्पृश्यतेच्या विरोधात लिहिले, महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज केला. दासगावात वाढलेल्या आर. बी. मोरे यांनी १९२७ च्या मार्चमधील महाड परिषदेसाठी धडपड केली. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्या परिषदेला कसे आले? धरमतरमार्गे येऊन मोटारीने जायचे तर मोटारवाले बहिष्कार घालतील, ही शक्यता होती. म्हणून २४ डिसेंबरला ते आणि दोनशेहून अधिक सहकारी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरावर उतरले. धक्क्यावर सुमारे तीन हजार सत्याग्रही उभे होते. तिथून पाच मैल मिरवणुकीने महाड. परिषदेला जागा दिली ती एका मुसलमानाने, फत्तेखान यांनी. त्या रात्री मनुस्मृती जळली.

म्हणजे चवदार तळ्याची वाट समुद्रातून गेली. तरी आपल्यापैकी किती जण दासगावच्या धक्क्यावर उभे राहिले आहेत?

परिषदेनंतर बाबासाहेब आसपासची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले आणि पुढे रायगडही पाहिला, असे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. लेण्यांतल्या दगडी आसनांवर भिक्खू बसले असतील म्हणून सहकाऱ्यांनी तिथे बसू नये, असे त्यांनी सांगितले. धम्मदीक्षेला अजून एकोणतीस वर्षे होती.

रायगडाचा उल्लेख मुद्दाम केला. लेण्यांचे नाव काढले की किल्ल्यांशी भांडण लावायचे, हा खेळ काही लोक खेळतात. आपण त्यात पडू नये. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्राशी नाते सांगणारे किल्ले आहेत. आनंदच आहे. पण १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांशी कोण लढले? मायनाक भंडारी आणि दौलतखान. किल्ल्याचा इतिहासही नीट सांगितला तर तो भंडाऱ्यांचा, कोळ्यांचा, मुसलमान दर्यावर्दींचा निघतो. एका संग्रहालयात आम्ही मार्गदर्शकाला विचारले की या तोफा, ही गलबते चालवणारे कोण होते? तो म्हणाला, "ते सैनिक वगैरे असणार." या 'वगैरे'तच बहुजनांचा सगळा इतिहास बुडवला जातो.

मग आपण काय करायचे? आम्हाला सुचते ते सांगतो.

पुढच्या मार्चला एक दिवस जादा काढा. तळे, दासगावचा धक्का आणि गांधारपाले एकाच फेरीत पाहा. जमले तर कुडा, आणि मंडणगडजवळचे आंबडवे व दापोलीजवळचे वणंद. जाण्याआधी तिथल्या लेखांचा अर्थ वाचून जा आणि लेण्यात उभे राहून बरोबरच्यांना वाचून दाखवा.

भिंतीवर काही लिहू नका. 'जय भीम'सुद्धा नको. आपल्या पूर्वजांच्या अक्षरांवर आपणच रंग लावला, तर दुसऱ्याच्या शेंदराला कोणत्या तोंडाने विरोध करणार?

पुराव्यापेक्षा मोठा दावा करू नका. पन्हाळेकाजीला बौद्ध लेणी आहेत, तशी नाथपंथाचीही आहेत. तिथे दोन्ही सांगा. आपली बाजू खरी आहे, तिला अतिशयोक्तीची गरज नाही.

पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला लेखी निवेदन द्या. प्रत्येक लेण्यावर दात्याचे नाव आणि लेखाचा मराठी अर्थ सांगणारा फलक हवा. 'पांडवलेणी' हे नाव सरकारी कागदावर असेल तर ते बदलून मागा. निवेदनाची पोच घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा जा.

आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी बोला. मुंबईच्या गोदीत, गिरणीत, बोटीवर गेलेल्या माणसांच्या आठवणी कोणत्याही वस्तुसंग्रहालयात नाहीत. त्या मोबाईलवर रेकॉर्ड करा, नाव-गाव-साल लिहून ठेवा. पदुमनिकेने दोन हजार वर्षांपूर्वी आपले आणि आपल्या आईचे नाव दगडावर लिहून घेतले. भिकू धुत्रे यांच्या नावाची साधी पाटीही आम्हाला दाभोळच्या धक्क्यावर दिसली नाही. ती लावायचे काम आपले आहे.

जय भीम.