उष्ट्या भाकरीपासून हक्काच्या ताटापर्यंत : स्थानिक संस्था आणि अन्नाचा प्रश्न

नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी अन्नाचे धोरण हाती घ्यावे, असा विचार अलीकडे आपल्याकडे मांडला जाऊ लागला आहे. गावात पिकणारे गावात खावे, मुलांना सकस आहार मिळावा, जमिनीचा कस टिकावा, छोट्या शेतकऱ्याला योग्य भाव मिळावा, असा त्याचा आशय असतो. विचार चांगला आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु तो मांडणारे विद्वान बहुधा असे गृहीत धरतात की, आपल्या गावाला यापूर्वी अन्नाचे धोरण नव्हतेच. इतिहास तसे सांगत नाही.

गावाला धोरण होते आणि ते अतिशय काटेकोर होते. ज्याच्याकडे येसकरकीची पाळी असेल त्या महाराने गावाची सारी कामे करावीत आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागावी. खळ्यावर सर्वांचे मोजून झाल्यावर जे उरेल ते उचलावे. मेलेले जनावर ओढावे, आणि तेच खावे. विहिरीवर मात्र चढू नये. कोणी वरून ओतले तर ओंजळीत प्यावे. कोणी काय खावे, कोणाच्या नंतर खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, हे सारे ठरलेले होते. त्यासाठी कोणत्याही पंचायतीला ठराव करावा लागला नाही. जुने गाव स्वयंपूर्ण होते, तेथे काही वाया जात नव्हते, असे कौतुक आजही केले जाते. वाया जात नव्हते हे खरेच आहे. कारण वाया जाणारे खाण्यासाठी एक समाज राखून ठेवलेला होता.

म्हणून स्थानिक संस्था आणि अन्न या विषयाचा इतिहास आपल्याला महाडपासून वाचावा लागतो.

सी. के. बोले यांचे नाव सत्यशोधक परंपरेत आदराने घेतले जाते ते रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर काम पूर्ण झाले. पुढची तीन वर्षे एकही अस्पृश्य त्या तळ्यावर गेला नाही, कारण ठराव नगरपालिकेचा असला तरी तळ्याचा काठ सवर्णांचा होता.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे गावात, ठराव दप्तरात आणि पाणी विकत! २० मार्चला लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर काय घडले ते आपण जाणतो. पण त्यातील एका तपशिलाकडे अन्नाच्या प्रश्नाचा अभ्यासक म्हणून पाहिले पाहिजे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवली गेली आणि जमाव चालून आला. मंडपात काही लोक जेवत होते, काही आवराआवर करीत होते. जमावाने माणसांना मारले, भांडी फोडली आणि शिजलेले अन्न मातीत मिसळले. पाण्याचा सूड अन्नावर उगवला गेला.

याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडावे, उष्टे खाणे सोडावे असे आवाहन झाले आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची मागणीही झाली. उष्टे नाकारणे, पाण्यावर हक्क सांगणे आणि शाळा मागणे या तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकत्र आणल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर हा अन्नधोरणाचा संपूर्ण मसुदा होता. त्याला स्थानिक संस्थेने दिलेले उत्तर असे की, ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तळ्यावरचा हक्क कायद्याने मिळाला तो १७ मार्च १९३७ रोजी, उच्च न्यायालयाच्या निकालाने.

याच काळात मद्रासमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. जस्टिस पक्षाचे एक संस्थापक पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष होते. १६ सप्टेंबर १९२० रोजी महापालिकेने ठराव केला की, थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या शाळेत मुलांना रोज खाऊ द्यावा. खर्च दर मुलामागे एक आण्याहून अधिक नसावा. या शाळेतील मुले अत्यंत गरीब होती आणि त्यामुळे पटसंख्या टिकत नव्हती, हे त्यामागचे कारण. ही योजना पुढे आणखी चार शाळांत गेली. या शाळांची पटसंख्या १९२२-२३ मध्ये ८११ होती, ती १९२४-२५ मध्ये १,६७१ झाली. एक आण्याने मुलांची संख्या दुप्पट केली! परंतु प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करण्यास सरकारने मान्यता दिली नाही आणि १ एप्रिल १९२५ पासून खाऊ बंद पडला. तो पुन्हा सुरू व्हायला १९२७ साल उजाडले.

मद्रासचा गौरव करताना दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९२१ मध्ये बकिंगहॅम-कर्नाटिक गिरणीचा संप झाला, तेव्हा पुळियांतोप भागात आदिद्रविड आणि इतर कामगारांत दंगली झाल्या. त्या प्रसंगी जस्टिस पक्षाने घेतलेल्या भूमिकेने आदिद्रविडांचे नेते एम. सी. राजा दुखावले आणि १९२३ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. म्हणजे मुलांच्या हाती खाऊ ठेवणारे राजकारण त्यांच्या बापांना बरोबरीने बसवून घेईलच असे नाही. तरीही त्या एक आण्याचे मोल कमी होत नाही. १९५६ मध्ये कामराज यांनी शाळेतील दुपारचे जेवण राज्यभर नेले, १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी सकस आहार योजना सुरू केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूत सरकारी प्राथमिक शाळांतून सकाळची न्याहारी सुरू झाली. ही सारी वाट एका महापालिकेच्या ठरावातून निघाली आहे.

एकाच दशकातील ही दोन उदाहरणे दोन वेगळे धडे देतात. मद्रासने दाखवले की स्थानिक संस्था मनात आणील तर भुकेवर थेट इलाज करू शकते. महाडने दाखवले की तीच संस्था ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची जात ती सोडत नाही. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाला बाबासाहेबांनी जो कडाडून विरोध केला, त्यामागे महाडचा हा अनुभव होता. खेड्याला सत्ता देणे आणि खेड्यातील दुबळ्याला सत्ता देणे, यांत अंतर आहे हे त्यांना ठाऊक होते.

१९९३ साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत शेती, पिण्याचे पाणी, स्त्रिया व बालकांचा विकास आणि सार्वजनिक वितरण व्यवस्था हे विषय पंचायतींसाठी लिहिले गेले. अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. त्याच वर्षी ब्राझीलमधील बेलो ओरिझोंते या शहराने स्वतःचे अन्नखाते उघडले. मजूर पक्षाचे महापौर पात्रुस आनानियास यांनी अन्न हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो बाजाराने भागवला नाही तर नगरपालिकेने भागवावा, अशी भूमिका घेतली. १९९४ मध्ये तेथे लोकांचे उपाहारगृह सुरू झाले. तेथे कोणीही यावे, गरिबीचा दाखला आणू नये, एकाच रांगेत उभे राहून स्वस्तात पोटभर जेवावे. ठरावीक भाजीपाला ठरावीक दराने विकण्याच्या अटीवर दुकानदारांना शहरातील मोक्याच्या जागा दिल्या गेल्या. भोवतालच्या छोट्या शेतकऱ्यांना मधल्या दलालाशिवाय माल विकता यावा म्हणून शहरात जागा मिळाल्या. या साऱ्यावर शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांहूनही कमी खर्च झाला.

या शहराच्या राज्याचे नाव मिनास जेराइस. याच राज्यात १९१४ मध्ये कारोलिना मारिया दे जेझुस ही काळी स्त्री जन्मली. साओ पाउलोच्या झोपडपट्टीत कागद वेचून तिने मुले वाढवली आणि वेचलेल्या वह्यांतून आपली रोजनिशी लिहिली. १९६० मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ब्राझीलला आपली भूक आपल्याच भाषेत वाचावी लागली. आपल्या आत्मकथनांच्या वाचकाला तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. ज्या देशात १८८८ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती, त्या देशात भुकेचा रंग कोणता हे कोणी लपवू शकत नव्हते. म्हणूनच २००९ मध्ये ब्राझीलने शालेय आहाराचा कायदा केला तेव्हा केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातील किमान ३० टक्के खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडून करावी असे ठरवले. आणि त्यातही अग्रक्रम दिला तो भूमिसुधारणेत जमीन मिळालेल्यांना, आदिवासींना आणि किलोंबोंना. किलोंबो म्हणजे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्त्या. मुलांच्या ताटातले धान्य कोणाच्या शेतातून यावे, हा प्रश्न त्यांनी कायद्यात विचारला.

आपण हा प्रश्न विचारला आहे काय? अर्धा विचारला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय आहार योजना आली. आमच्या पिढीने शाळेतून मिळणारा तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी नेला आहे. तो घरातल्या सर्वांत वाटला जाई आणि आमच्या वाट्याला मूठभर येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालय एक पाऊल पुढे गेले आणि स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. माझ्या मते महाडनंतर अन्नाच्या क्षेत्रातील हे सर्वांत क्रांतिकारक वाक्य आहे, कारण ते थेट चुलीपाशी जाते.

चुलीपाशी काय होते तेही पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे खाणे नाकारले आणि तिला कामावरून कमी करण्यात आले. मग दलित मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे खाणे नाकारले. बोभाटा झाल्यावर त्या बाईंना पुन्हा कामावर घेतले गेले. त्या मुलांनी महाड वाचले असेल की नाही कोण जाणे, पण महाडचा अर्थ त्यांना कळला होता. आपल्या महाराष्ट्रात शालेय आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे २०२३ मध्ये ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी काढून घेण्यात आला. लोकवर्गणीतून द्यायचे तर द्या, असे सांगण्यात आले. ज्यांच्या घरी अंडे रोज होते त्यांचे काही गेले नाही. ज्यांना ते शाळेतच मिळत होते, त्यांना पुन्हा कोणाच्या तरी दानावर सोडले गेले.

म्हणून स्थानिक संस्थांचे अन्नधोरण असा शब्द ऐकला की कार्यकर्त्याने, शिक्षकाने ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. शाळेत आणि अंगणवाडीत शिजवणारी बाई कोण आहे? पंगत एक आहे की दोन? पाण्याची टाकी वस्तीपर्यंत किती तास चालते? आणि धान्य, भाजी, अंडी कोणाकडून घेतली जातात? चौथा प्रश्न गायरानापर्यंत जातो. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत माणसे ज्या जमिनीसाठी तुरुंगात गेली, १९९१ च्या शासननिर्णयाने ज्यांची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले, त्या गायरानधारकांची ज्वारी आणि तूर गावातल्या शाळेच्या खिचडीत का येऊ नये? किलोंबोच्या शेतातले येऊ शकते, तर मराठवाड्यातल्या गायरानातले का नाही?

ठराव होतील. महाडचाही झाला होता. तो दप्तरातून तळ्यापर्यंत नेण्यासाठी माणसांना चालत जावे लागले. आता चालायचे अंतर शाळेच्या चुलीपर्यंतचे आहे, आणि ते आपल्याच गावात आहे.