पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने विमानाला पंख कसे दिले? ऑक्टेव्ह शनूटची गोष्ट

पहिलं विमान कुणी उडवलं, असं विचारलं तर शाळकरी मूलही राइट बंधूंचं नाव घेईल. पण त्या विमानाच्या वर-खाली दोन पंखांना जोडणाऱ्या उभ्या काठ्या आणि तिरप्या तारा आल्या कुठून? त्याचं उत्तर एका रेल्वेच्या पुलात आहे. तो पूल बांधणाऱ्या जमातीतल्या माणसाचं नाव होतं ऑक्टेव्ह शनूट.

पॅरिस ते अमेरिका

शनूटचा जन्म १८ फेब्रुवारी १८३२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक. १८३८ मध्ये ते लहान ऑक्टेव्हला घेऊन अमेरिकेत आले आणि लुइझियानातल्या एका कॉलेजमध्ये शिकवू लागले. पुढे मुक्काम न्यूयॉर्कला हलला.

ऑक्टेव्हकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. १८४९ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तो हडसन नदीच्या काठाने होणाऱ्या रेल्वेच्या कामावर मोजणीची साखळी धरणारा मदतनीस म्हणून लागला. बाकीचं सगळं तो कामावरच शिकला. १८५४ मध्ये त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं.

मिसुरी नदीला वेसण

मिसुरी ही गाळाची, पुराची आणि पात्र बदलणारी नदी. तिच्यावर कायमचा पूल टिकेल का, याबद्दल अनेकांना शंका होती. शनूटने कॅन्सस सिटीला तो उभारला. ३ जुलै १८६९ रोजी सुरू झालेला हॅनिबल ब्रिज हा मिसुरीवरचा पहिला कायमस्वरूपी पूल. या पुलामुळे कॅन्सस सिटीचं नशीबच पालटलं.

शिकागोचा जनावरांचा प्रचंड मोठा बाजारही त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. १८८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात किंझुआ दरीवर ३०१ फूट उंचीचा लोखंडी पूल झाला, त्यातही शनूटचा मोठा वाटा होता. त्या वेळी तो जगातला सर्वांत उंच रेल्वे पूल होता. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला अध्यक्ष केलं. पदवी नसलेल्या माणसासाठी हा मान मोठा होता.

लपवून ठेवलेला छंद

उंच पुलाचा मोठा शत्रू म्हणजे वारा. वारा पुलावर किती जोर लावतो, याचा हिशेब करता करता हाच वारा माणसाला उचलू शकेल का, हा विचार शनूटच्या डोक्यात पक्का बसला. पण त्या काळी उडण्याच्या गोष्टी करणाऱ्याला लोक वेड्यात काढत. त्यामुळे नावाजलेल्या या इंजिनिअरने बरीच वर्षं आपला छंद चारचौघांत फारसा बोलून दाखवला नाही.

शिकागोत स्थायिक झाल्यावर मात्र त्याने मागेपुढे पाहिलं नाही. जगभरात कुणी कुठे काय प्रयोग केले, कोण कुठे फसलं, हे सगळं त्याने पत्रं पाठवून गोळा केलं. रेल्वेविषयक मासिकातून त्यावर लेखमाला लिहिली. १८९४ मध्ये तिचं पुस्तक झालं. उडू पाहणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला हाताशी धरायला ते मिळालं.

वाळूच्या टेकड्या आणि पुलाचा सांगाडा

१८९६ च्या उन्हाळ्यात शनूटने मिशिगन सरोवराच्या काठी, इंडियानातल्या वाळूच्या टेकड्यांवर तंबू ठोकले. वय ६४. त्यामुळे उड्या घेण्याचं काम मुख्यतः ऑगस्टस हेरिंग, विल्यम एव्हरी अशा तरुण सहकाऱ्यांकडे होतं. जर्मनीतले ग्लायडिंगचे अग्रणी ओटो लिलिएनथाल त्याच ऑगस्टमध्ये ग्लायडर कोसळून मरण पावले. म्हणजे हा खेळ नव्हता.

शनूटने पंख एकावर एक रचले. सुरुवातीला तीन होते, पण खालचा पंख वाळूला लागायचा, म्हणून तो काढून टाकला. उरलेल्या दोन पंखांमध्ये त्याने पुलांसाठी वापरात असलेला प्रॅट ट्रस बसवला. त्यात उभ्या काठ्या दाब सोसतात आणि तिरप्या तारा ताण सोसतात. काठ्या-तारांचे त्रिकोण झाल्यामुळे सांगाडा हलका राहूनही वाकत नाही. या ग्लायडरने ३५९ फुटांपर्यंत मजल मारली आणि शेकडो उड्यांमध्ये कुणालाही गंभीर इजा झाली नाही.

शनूटने या रचनेची माहिती कुलूपबंद ठेवली नाही. मोजमापं, चित्रं सगळं छापून टाकलं. एकट्याने हे कोडं सुटणार नाही, प्रत्येकाने आपलं ज्ञान सगळ्यांपुढे ठेवलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत होतं.

राइट बंधूंशी मैत्री आणि दुरावा

मे १९०० मध्ये डेटनच्या विल्बर राइटने शनूटला पत्र लिहिलं. त्यानंतर दहा वर्षांत दोघांत शेकडो पत्रं झाली. १९०१ ते १९०३ अशी सलग तीन वर्षं शनूट किटी हॉकजवळच्या त्यांच्या तळावर जाऊन आला. राइट बंधूंच्या ग्लायडरचे आणि पुढे विमानाचेही पंख शनूटच्या ट्रसवरच बेतलेले होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उडालं.

मग पेटंटचा वाद आला. पंख पिळून विमानाचा तोल सांभाळायच्या युक्तीवर राइट बंधूंनी हक्क सांगितला आणि इतर विमानवाल्यांना कोर्टात खेचलं. ही कल्पना पूर्णपणे त्यांची नाही, आधीही लोकांनी ती सुचवली होती, असं शनूटने जाहीरपणे म्हटलं. पैशाच्या इच्छेने त्यांचा विवेक बिघडतोय, असंही त्याने पत्रात सुनावलं.

राइट बंधूंची बाजूही पोकळ नव्हती. पदरचा पैसा आणि जीव त्यांनीच पणाला लावला होता. आपण शनूटचे शिष्य आहोत असा लोकांचा समज होतोय, हे त्यांना खुपत होतं. शिवाय विमान आपोआप स्थिर राहावं, हा शनूटचा ध्यास होता. वैमानिकाने क्षणोक्षणी ताबा ठेवायला हवा, हे राइट बंधूंना उमगलं होतं. उडण्याचं कोडं शेवटी त्यानेच सुटलं.

एप्रिल १९१० मध्ये विल्बरने समेटाचं पत्र पाठवलं. शनूटने मेमध्ये आपुलकीने उत्तर दिलं आणि तो युरोपला गेला. तिथे आजारी पडला. परत आल्यावर २३ नोव्हेंबर १९१० रोजी शिकागोत त्याचं निधन झालं. त्यानंतर विल्बरने लिहिलेल्या लेखात माणसाच्या उड्डाणाचं युग आणण्यात शनूटचा फार मोठा वाटा असल्याचं मोकळेपणाने मान्य केलं.

पेटंटची भांडणं मात्र सुरूच राहिली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी विमानं हवी होती, तेव्हा अमेरिकी सरकारच्या पुढाकाराने कंपन्यांना पेटंट एकमेकांत वाटून घ्यावी लागली. शनूट हयातभर जे सांगत होता, ते युद्धाच्या रेट्याने सात वर्षांनी घडलं.