पेटी नंबर ३४२

आजची गोष्ट शिकागोची. ८ ऑक्टोबर १८७१, रविवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेत. गावाच्या मधोमध कोर्टहाउस, आणि त्याच्या मनोऱ्यावर मथायस शेफर नावाचा पहारेकरी उभा आहे. काम एकच. चारी बाजूंना नजर ठेवायची आणि आग दिसली की खाली तारयंत्रावर बसलेल्या विल्यम ब्राऊनला सांगायचं. शेफरला नैऋत्येला उजेड दिसतो. पण आदल्या रात्रीच्या मोठ्या आगीचे निखारे त्याच बाजूला अजून धुमसतायत, त्यामुळे नीट कळत नाही. तो अंदाज बांधतो आणि खाली सांगतो, पेटी नंबर ३४२.

ती पेटी खऱ्या आगीपासून जवळपास एक मैल लांब होती.

आता ही पेटी काय भानगड आहे? त्यासाठी वीस वर्षं मागे, बोस्टनला जावं लागेल. तेव्हा आग लागली की लोक ओरडत चर्चकडे पळायचे, घंटा वाजायची, आणि बंबवाले विचारत सुटायचे, कुठे लागली? विल्यम चॅनिंग नावाच्या डॉक्टरला वाटलं, तारयंत्र आलंय तर ते या कामाला का लावू नये? मोझेस फार्मर या तंत्रज्ञाबरोबर त्याने ते करून दाखवलं. रस्त्यारस्त्यावर लोखंडी पेट्या, प्रत्येकीचा स्वतःचा नंबर. आतला दांडा फिरवला की दातेरी चाक फिरायचं, तारेतला प्रवाह ठरावीक वेळा तुटायचा, आणि मुख्य कचेरीत नंबर उमटायचा. तिथून गावभरच्या घंटा तोच नंबर वाजवायच्या. एप्रिल १८५२ मध्ये हे सुरू झालं. म्हणजे टेलिफोनच्या कितीतरी आधी बोस्टनला 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर काही क्षणांत मिळू लागलं होतं!

शिकागोनेही ही यंत्रणा घेतली. त्या रात्री मात्र आगीजवळच्या औषधाच्या दुकानातल्या पेटीचा इशारा कोर्टहाउसमध्ये पोचलाच नाही. पेटीला कुलूप होतं. दुकानदार नंतर म्हणाला, मी इशारा दिला होता. शेजारी म्हणाला, याने मला किल्लीच दिली नाही. खरं कोणाचं, याचा निकाल काही लागला नाही.

इकडे मनोऱ्यावर शेफरला आपली चूक कळली. त्याने खाली सांगितलं, ३४२ नाही, ३१९ वाजव. तीसुद्धा अगदी बरोबर नव्हती, पण बरीच जवळची होती. ब्राऊनने नकार दिला. त्याचं म्हणणं, आता नंबर बदलला तर गोंधळ होईल. नाहीतरी बंब त्याच वाटेने जाणार आहेत, जाताना आग दिसेलच.

मला ब्राऊनचा राग येत नाही, खरं सांगतो. दुरुस्ती पाठवायची कशी, हे यंत्रणेत कुणी ठरवलंच नव्हतं. 'आधीचं रद्द' असं घंटा कसं सांगणार? 'लिटल जायंट' नावाचा बंब लवकर पोचला, तो त्यांच्या स्वतःच्या पहारेकऱ्याने आग पाहिली म्हणून. काही बंब मात्र भरकटले.

पुढचं माहीत असेलच. कोरडा उन्हाळा, जोराचा वारा, लाकडी घरं, आदल्या रात्रीने थकलेले जवान. एकट्या चुकीच्या घंटेने शहर जळालं असं म्हणता येणार नाही. पण सुमारे ३०० माणसं गेली, एक लाख बेघर झाली, आणि त्या कोर्टहाउसची घंटाही खाली कोसळली. खापर फुटलं ते ओलिअरीबाईंच्या गाईवर! शिकागोच्या नगर परिषदेने बाईंना आणि गाईला दोषमुक्त केलं, तेही १९९७ मध्ये.

पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १८७२ ला, खुद्द बोस्टन पेटलं. तिथे पेट्यांना कुलपं होती, कारण लोक गंमत म्हणून खोटे इशारे द्यायचे. किल्ल्या पोलिसांकडे. त्यात घोड्यांना साथीचा आजार, त्यामुळे बंब माणसांनी ओढले. सुमारे ६५ एकर भाग खाक झाला. जगातली पहिली यंत्रणा, आणि ती कुलपात.

आता अनेक शहरांत कॉल घेणारा पत्ता टाइप करतो तोवर संगणक जवळचं केंद्र निवडतो. तिथे दिवे लागतात, संगणकाचा आवाज पत्ता वाचतो, गाडीतल्या स्क्रीनवर नकाशा येतो. काही ठिकाणी भोंगा हळूहळू मोठा होत जातो, कारण गाढ झोपेतून दचकून उठण्याचा ताण जवानांच्या हृदयावर येतो. अमेरिकेतल्या मानकानुसार आगीच्या कॉलला ८० सेकंदांत गाडी निघायला हवी. आणि पत्ता चुकला असेल तर दुरुस्ती त्याच स्क्रीनवर, गाडी धावत असताना जाते. ब्राऊनकडे नव्हतं ते नेमकं हेच.

पण संगणकाला पत्ता सांगणारा अजूनही कुणीतरी घाबरलेला माणूसच असतो. त्याला 'मंदिराच्या मागे' एवढंच सुचत असेल, तर यंत्र कितीही वेगवान असो, कॉल घेणाऱ्यालाच विचारावं लागतं, कुठल्या मंदिराच्या?

ओलिअरींचा गोठा डीकोव्हन स्ट्रीटवर होता, जिथून ती आग सुरू झाली. कधी शिकागोला गेलात तर बघा. त्या जागी आता अग्निशमन दलाची प्रशिक्षण अकादमी आहे.